फिर्यादीला कळलं, बायकोला नाही : ठाण्यातल्या एका प्ली बार्गेनिंगचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मधली पावसाळी पहाट. घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या अलीकडे एक डंपर सेवा रस्त्यावरून उलट्या दिशेने आला आणि त्याने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचा माणूस कळव्याचा, रात्रपाळी संपवून घरी निघालेला फिटर. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता. मागे बायको, दोन शाळकरी मुलं आणि गावाकडे आई. या प्रकरणात मी पुढे मयताच्या पत्नीची वकील झाले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. कायद्याचा आणि कागदपत्रांचा भाग आहे तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण कागदपत्रांवरच फिरलं.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) आणि २८१ खाली नोंदला गेला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं यासाठी जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. आता ती पाच वर्षांपर्यंत आहे. गुन्हा जामीनपात्रच आहे, त्यामुळे चालक लवकर बाहेर आला. त्याबद्दल कुटुंबाची तक्रार नव्हती.

या गुन्ह्याची फिर्याद घरच्यांनी दिलेलीच नव्हती. ते शवागाराच्या दारात उभे होते तेव्हा बीटवरच्या हवालदाराने सरकारतर्फे फिर्याद दिली. प्राणांतिक अपघातात असं सर्रास होतं आणि त्यात वावगं काहीच नाही. कुणीतरी वेळेत फिर्याद द्यायलाच हवी. पण त्यामुळे दोषारोपपत्राच्या पहिल्या पानावर ‘फिर्यादी’ या रकान्यात पोलिसाचं नाव आलं, आणि मयताची पत्नी साक्षीदारांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेली. ती तिथे आहे हे पुढचं वर्षभर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दोषारोप निश्चित झाल्यावर तीन आठवड्यांनी आरोपीच्या वकिलांनी प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून तोडग्याने कमी शिक्षा घेण्याचा, अर्ज दिला. हा मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आला आणि जुलै २००६ पासून लागू झाला. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे त्यात बसतात. स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधा आणणारे गुन्हे वगळलेले आहेत. दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आरोपीने अर्ज करायचा, सोबत शपथपत्र जोडायचं की मी हे स्वखुशीने करतो आहे, होणाऱ्या शिक्षेची मला कल्पना आहे आणि याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला, बंद दाराआड विचारतात की तुझ्यावर कुणाचा दबाव तर नाही ना. समाधान झालं की दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा काढायला जास्तीत जास्त साठ दिवस देतात. तोडगा निघाला तर नुकसानभरपाई आणि कमी शिक्षा. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली नाही आणि आरोपी पहिल्यांदाच गुन्हेगार ठरतो आहे, तिथे कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश इतकी कैद देता येते. कलम १०६(१) मध्ये म्हणजे दहा महिने. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडण्याचा विचारही न्यायालयाला करता येतो.

ही तरतूद मला मुळात वाईट वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी असल्या सौद्यांवर कडक शब्दांत टीका केली आहे. १९७६ च्या मुरलीधर मेघराज लोया प्रकरणात, जे महाराष्ट्रातल्याच अन्नभेसळीचं होतं, न्या. कृष्णा अय्यर यांनी बंद खोलीतल्या अशा समझोत्यांवर कोरडे ओढले होते. त्यानंतर १९९१ च्या विधी आयोगाच्या १४२ व्या अहवालाने आणि फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठीच्या २००३ च्या मळिमठ समितीने या मार्गाची बाजू घेतली. वर्षानुवर्षं तारखा घेत बसण्यापेक्षा आरोपीने कबूल करावं, कुटुंबाला काही हातात मिळावं, यात काही चूक नाही. मात्र कुटुंबाला त्याची खबर हवी, आणि ती बोलणी सुरू होण्याच्या आधी हवी.

कायदा तसं म्हणतोही. कलम २९१ नुसार पोलीस तपासावर चाललेल्या खटल्यात बैठकीची नोटीस चौघांना जाते: सरकारी वकील, तपास केलेला पोलीस अधिकारी, आरोपी आणि पीडित. पण त्याच्या आधीच्या कलम २९० मध्ये, अर्ज आल्याबरोबर जी पहिली नोटीस निघते, ती ‘सरकारी वकील किंवा फिर्यादी’ आणि आरोपी यांना. पीडिताचा उल्लेख तिथे नाही. बहुतेक खटल्यांत फिर्यादी आणि पीडित एकच असतात, तिथे काही बिघडत नाही. इथे फिर्यादी पोलीस होता.

खटल्याची नस्ती, म्हणजे फाइल, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा निशाणी ९ वर (निशाणी म्हणजे न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक) प्ली बार्गेनिंगचा अर्ज होता. त्यावर सहायक सरकारी अभियोक्त्यांचं म्हणणं एका ओळीचं: कायद्यानुसार योग्य तो आदेश व्हावा. मग बैठकीच्या नोटिसा. फिर्यादी हवालदाराला बजावली, सही आहे. तपास अधिकाऱ्याला बजावली, सही आहे. चौथ्या नोटिशीच्या बजावणी अहवालावर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘मयताचे वारस, पत्ता मिळून येत नाही.’ त्याच दोषारोपपत्रात, मरणोत्तर पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर, कळव्यातल्या चाळीचं नाव, खोली नंबर आणि मयताच्या धाकट्या भावाचा मोबाइल नंबर स्वच्छ अक्षरात होता. शोधायला मिनिटभर लागलं नसतं.

मला यात कुणाचा दुष्ट हेतू दिसला नाही. अभियोक्त्यांकडे एका दिवसाच्या बोर्डावर किती प्रकरणं असतात हे ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर रोज येणाऱ्याला सांगावं लागत नाही. पैरवीचं काम बघणारा पोलीस शिपाई एकाच वेळी चार कोर्टांत समन्स पोचवत असतो. पण हेतू चांगला होता म्हणून त्या बाईंचं नुकसान कमी होणार नव्हतं.

नुकसान काय होणार होतं ते निशाणी १२ वर दिसलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तोडग्याचा मसुदा पुरशीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) म्हणून दाखल केला होता, फक्त सह्या बाकी होत्या. त्यात आरोपी वारसांना दीड लाख रुपये देईल, असं होतं. पुढे दोन वाक्यं होती. एक: ‘सदर रक्कम पूर्ण व अंतिम असून यापुढे वारसांचा कोणताही दावा राहणार नाही.’ दुसरं: ‘रस्त्याची अवस्था व दोन्ही वाहनांचा वेग विचारात घेता अपघात घडला.’

अशी वाक्यं मसुद्यात सवयीने पडतात. पण या कुटुंबाचा ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात डंपरमालक आणि विमा कंपनीविरुद्ध दावा चालू होता. तिथे विमा कंपनीचा बचावच हा होता की दुचाकीस्वार वेगात होता, त्याचीही चूक होती. मयताची चूक जितकी धरली जाईल तितकी भरपाई कापली जाते. म्हणजे दीड लाखाच्या बदल्यात बाईंच्या नावाने असा कागद तयार होत होता जो न्यायाधिकरणातल्या दाव्यात त्यांच्याच विरुद्ध पुढे केला गेला असता. आणि त्यांना याची गंधवार्ता नव्हती.

त्यांना कळलं तेही योगायोगाने. दाव्यातल्या त्यांच्या वकिलांना दोषारोपाची प्रमाणित प्रत हवी होती म्हणून त्यांनी ई-कोर्टवर फौजदारी खटला उघडून पाहिला. पुढच्या तारखेच्या कारणात प्ली बार्गेनिंग दिसलं. त्यांनी दिराला फोन केला. दोघं दुसऱ्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आले आणि तिथून प्रकरण माझ्याकडे आलं. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये ते स्पष्ट आहे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दीर म्हणत होता, “वहिनी, आपण दागिने मोडू पण वकील लावू.”

बाईंचं पहिलं वाक्य मात्र पैशाबद्दल नव्हतं. “मॅडम, त्यांनी गुन्हा कबूल केला, मग मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे का या केसमध्ये?”

आधी वकीलपत्र दाखल केलं. नव्या संहितेच्या कलम २३० मध्ये दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीबरोबर पीडितालाही द्यायच्या आहेत, पण पीडिताचा वकील असेल तर. वकील नसलेल्या पीडिताला त्या कलमाखाली कागद मिळत नाहीत. संहितेने एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने वकीलपत्राला बांधून टाकला आहे, आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांनाच याचा फटका बसतो. हे कलम बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. तोवर निदान प्रत्येक प्राणांतिक अपघाताच्या गुन्ह्यात वारसांना १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक पोलीस ठाण्यातच दिला जावा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं बंधन कलम १९३ ने पोलिसांवर घातलेलंच आहे. त्या निरोपात एक ओळ वाढवायला काहीच अडचण नाही. या प्रकरणात तो निरोपही फिर्यादीला, म्हणजे एका पोलिसाने दुसऱ्या पोलिसाला दिल्याची नोंद होती. ‘फिर्यादीला किंवा पीडिताला’ यातला ‘किंवा’ असा वापरला गेला.

मग अर्ज. त्यात मुद्दे थोडे होते. संहितेच्या व्याख्येत पीडित म्हणजे नुकसान सोसलेली व्यक्ती आणि तिचा पालक किंवा कायदेशीर वारसही. फिर्यादी पोलिसाला दिलेली नोटीस वारसांना दिलेली नोटीस होत नाही. कलम २९१ मधल्या चौघांपैकी एकाला वगळून बसलेली बैठक ही त्या कलमातली बैठक नव्हे. जगजीत सिंग वि. आशिष मिश्रा या लखीमपूर खेरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तो निकाल जामिनाबाबत आहे, पण त्यातलं तत्त्व इथे जास्तच लागू पडतं. कारण जामिनाचा आदेश बदलता येतो, प्ली बार्गेनिंगचा निकाल जवळजवळ अंतिमच असतो. कलम २९५ प्रमाणे त्यावर अपील नाही. उरतात फक्त उच्च न्यायालयातली रिट याचिका आणि सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका. कळव्याच्या चाळीतल्या बाईंसाठी हे दोन्ही दरवाजे कागदावरच उघडे आहेत. म्हणून नोटीस आधी पोचणं इतकं मोलाचं.

आरोपीच्या वकिलांनी दोन हरकती घेतल्या. साठ दिवसांची मुदत संपत आली आहे. आणि पीडिताला बैठकीत बसता येतं, अडवता येत नाही. दुसरी हरकत गंभीर होती आणि तिचा पूर्ण निकाल मी आजही कायद्यात लिहिलेला दाखवू शकत नाही. पीडिताने नाही म्हटलं की तोडगा मोडला, असं वाक्य संहितेत नाही. पण तोडग्याच्या अहवालावर बैठकीत भाग घेतलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि तोडगा परस्परांच्या समाधानाचा असावा लागतो. जिच्या नवऱ्याचा जीव गेला तिचं समाधान त्यात धरायचं नसेल तर मग कुणाचं धरायचं?

न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज मंजूर केला. पुरशीस तशीच बाजूला ठेवली, वारसांना ताजी नोटीस काढली आणि ती दिराच्या मोबाइलवरही पाठवायला सांगितलं. साठातले जेमतेम तीन आठवडे उरले होते.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हाच प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर गाजला. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या संघराज्य अभियोक्त्यांनी धनाढ्य वित्तव्यावसायिक जेफ्री एपस्टीनशी खटला न भरण्याचा करार केला. त्याने शोषण केलेल्या मुलींना त्याची कल्पना दिली नाही. करार झाल्यावरही त्यांना पत्रं गेली की तपास चालू आहे, धीर धरा. २००८ मध्ये त्याने राज्याच्या न्यायालयात हलक्या आरोपांची कबुली दिली तेव्हा त्यांना कळलं. तिथे पीडितांच्या हक्कांचा कायदा २००४ पासून होता. त्याच्या आधाराने लढल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये न्या. केनेथ मारा यांनी या मुलींचा हक्क डावलला गेल्याचं मान्य केलं. पण एप्रिल २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने ठरवलं की खटला दाखलच झालेला नसताना या कायद्याखाली स्वतंत्र दावा लावता येत नाही. दरम्यान २०१५ मध्ये कायद्यात स्पष्ट भर पडली होती की आरोपीशी होणाऱ्या अशा कराराची माहिती पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे.

आपल्याकडे अभियोक्त्याला असा परस्पर करार करता येत नाही. प्ली बार्गेनिंग न्यायालयापुढेच होतं, आणि खटला मागे घ्यायचा तर कलम ३६० प्रमाणे पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. ही भर नव्या संहितेने घातली, ती चांगली आहे. पण फिर्यादी आणि मयताचे नातेवाईक यांच्यातली फट आपल्याकडे जुनी आहे. १९८५ च्या भगवंत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पोलिसांनी गुन्हा बंद करण्याचा अहवाल दिला तर फिर्यादीला नोटीस द्यायलाच हवी. मयताच्या नातेवाइकाला मात्र, तो फिर्यादी नसेल तर, नोटिशीचा हक्क नाही. तो स्वतःहून हजर झाला तर त्याचं ऐकावं. स्वतःहून हजर व्हायला आधी कळायला हवं, ही अडचण चाळीस वर्षांपूर्वी होती तशीच आहे.

बैठक न्यायाधीशांच्या दालनात झाली. डंपरचा चालक तिशीतला, मराठवाड्यातून आलेला. मालक स्वतः आला नव्हता, पैसे तोच देणार होता. बाईंनी वकिलांकडे बघितलंच नाही, चालकाला सरळ विचारलं, “तुम्ही उलटे का आलात?” तो म्हणाला, खेपांवर पैसे मिळतात, वळण लांब आहे, सगळेच तसे येतात. मग हात जोडून मान खाली घालून बसला. त्या बैठकीतलं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं, आणि ते बाहेर कुठेही वापरता येत नाही. कलम २९९ प्रमाणे प्ली बार्गेनिंगच्या अर्जात आरोपीने सांगितलेलं दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरायचं नाही, आणि दालनातलं हे बोलणंही त्याच विश्वासावर झालेलं होतं. हे संरक्षण हवंच, नाहीतर कुणी खरं बोलणार नाही. पण बाईंना ते ऐकायला मिळालं. नोटीस आली नसती तर तेही मिळालं नसतं.

त्यांनी मागितलं ते एवढंच: ‘पूर्ण व अंतिम’ काढा, न्यायाधिकरणातला दावा वेगळा राहील असं लिहा, आणि दोन्ही वाहनांच्या वेगाचं वाक्य काढून डंपर उलट्या दिशेने आला हे लिहा. रक्कम वाढवा, असं त्या म्हणाल्या नाहीत. दिराने मध्येच आकडा काढला तेव्हा त्यांनीच त्याला थांबवलं. परिवीक्षेला मात्र मी विरोध नोंदवला. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्यांना परिवीक्षेचा फायदा देऊ नये असं दलबीर सिंग वि. हरियाणा राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे.

पहिल्या दोन गोष्टी आरोपीच्या वकिलांनी मान्य केल्या. तिसरीवर ते मालकाशी फोनवर बोलायला बाहेर गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि आल्यावर म्हणाले, जमणार नाही. चालकाला ते वाक्य चालणार होतं असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण पैसे त्याचे नव्हते. अभियोक्त्यांनी एक मधला मजकूर सुचवून पाहिला. बाई म्हणाल्या, “दीड लाख नकोत मला. माझ्या मुलांनी मोठेपणी हा कागद वाचला तर त्यात बापाची चूक होती असं दिसायला नको.”

तोडगा निघाला नाही. कलम २९२ प्रमाणे तशी नोंद झाली आणि खटला जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. कमी शिक्षा, लवकर निकाल, हातात दीड लाख, हे सगळं त्या दिवशी सुटलं. बाईंना मी हे आधी सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. निवड योग्य होती की नाही हे ठरवायचा अधिकार मी माझ्याकडे घेत नाही. ती त्यांनी स्वतः, मसुदा वाचून केली.

सध्या सरकार पक्षाचे साक्षीदार चालू आहेत. कलम १८(८) च्या परंतुकाखाली अभियोक्त्यांना साहाय्य करायची परवानगी न्यायालयाने मला दिली आहे. फिर्यादी हवालदाराची सरतपासणी (सरकार पक्षाने विचारलेले प्रश्न) झाली, त्याने डंपरची दिशा घटनास्थळ पंचनाम्याप्रमाणे सांगितली. उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे. न्यायाधिकरणातल्या दाव्यात विमा कंपनीने लेखी म्हणणं बदललेलं नाही.